वैलावरचे वरण आणि विजेचा मंद कुकर

मराठी घरातील जुनी चूल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना वैल ठाऊक असेल. चुलीच्या मुख्य तोंडाशेजारी, आतून वाट काढून दिलेले एक लहान तोंड असे. त्याला वैल म्हणत, कोठे वायल, तर कोठे औल. जाळ असे तो पुढच्या तोंडाशी; वैलाकडे जाई ती त्या जाळाची उरलेली धग. पुढे भाकरी भाजली जाई, फोडणी तडतडे, आणि बाजूला वैलावर वरणाची डाळ कोणाच्याही देखरेखीवाचून रटरटत राही. जेवणे आटोपली, निखाऱ्यांवर राख ओढली, की त्या जागी दुधाचे पातेले बसे. तिसऱ्या प्रहरापर्यंत त्यावर जाड, किंचित तांबूस साय धरलेली असे. स्वयंपाक करणाऱ्या बाईला दोनच हात असतात, हे ओळखून कोणा शहाण्याने चुलीला तिसरा हात दिला होता, असेच म्हणावे लागेल.

चूल गेली तसा वैलही गेला. इंदूर-ग्वाल्हेरचे वाडे असोत, बडोद्याचे माडीचे घर असो, बेळगावचे कौलारू घर असो वा हैदराबादची बिऱ्हाडे असोत, ही गोष्ट सर्वत्र सारखीच घडली. चुलीच्या जागी कोळशाची शेगडी आली, मग भुश्याची शेगडी, मग रॉकेलचा स्टोव्ह आणि शेवटी गॅस. १९५९ पासून आपल्या देशातच प्रेशर कुकर तयार होऊ लागले आणि डाळ शिजण्याचा काळ तासावरून वीस मिनिटांवर आला. धूर गेला, काजळी गेली, डोळ्यांची आग गेली. या सुधारणेचे मोल कमी लेखण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु एक गोष्ट या गडबडीत निसटली. गॅसवरचे पातेले डोळ्यांआड करता येत नाही. कुकरच्या शिट्ट्या कोणाला तरी मोजाव्याच लागतात. ज्वाला वेगवान झाली, पण तिच्यापाशी उभे राहण्याचे काम मात्र घरातील एकाच व्यक्तीकडे कायम राहिले.

म्हणूनच विजेवर चालणारा मंद कुकर, ज्याला बाजारात स्लो कुकर म्हणतात, त्याकडे आम्ही थोड्या निराळ्या दृष्टीने पाहतो. परदेशी असलेल्या लेकी-सुनांच्या स्वयंपाकघरात तो अनेकांनी पाहिला असेल. ‘आमच्या फोडणीच्या स्वयंपाकाला हे विलायती भांडे काय कामाचे?’ असा प्रश्न ज्येष्ठ भगिनी विचारतात, आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर ‘सर्वच कामाचे’ असे नाही, आणि ‘काहीच कामाचे नाही’ असेही नाही.

मंद आचेचा वंश

पोटातील मंदाग्नी हा रोग खरा. पण चुलीतील मंदाग्नीवर जगभरच्या सुगरणींनी भिस्त ठेवली आहे. आपण बृहन्महाराष्ट्रातील मंडळी तर चोहोबाजूंनी अशा अन्नाच्या शेजारातच राहतो. बडोदे-सुरतेकडचा उंधियो घ्या. ‘उंधु’ म्हणजे उपडे. मडके उपडे करून खड्ड्यात ठेवायचे, वरून जाळ करायचा आणि भाज्यांनी आपल्याच वाफेत शिजायचे, यावरूनच त्याचे नाव पडले. कोकणात अलिबागेकडे हिवाळ्यात वालाच्या शेंगांची पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्याच्या थरांत शेंगा भरतात, तेथेही पाण्याचा थेंब घालीत नाहीत. हैदराबादेत रमझानच्या महिन्यात मातीच्या भट्टीवर गहू आणि मांस रात्रभर शिजवून, घोटून हलीम तयार होते. २०१० साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. या सर्व पदार्थांत घाई करणारा माणूस हास्यास्पद ठरतो.

आच तीच राखून माणूस मोकळा करावा, हा विचारही जुनाच आहे. १८६७ च्या पॅरिस येथील प्रदर्शनात नॉर्वेची एक पेटी मांडली होती. पातेले एकदा उकळून त्या जाड अस्तराच्या पेटीत बंद करायचे. आत कोंडलेल्या उष्णतेवरच अन्न पुढे शिजत राही. तीच युक्ती पुढे गवताने भरलेल्या खोक्याच्या रूपाने महायुद्धांच्या काळात इंग्लंडात जळण वाचविण्यासाठी घरोघर सांगितली गेली. थंडीत विरजणाचे भांडे गोधडीत गुंडाळणाऱ्या आपल्या बायकांना यात नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे १९१० साली कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी इकमिक कुकर तयार केला. उभ्या नळकांड्यात एकावर एक डबे, तळाशी थोडे निखारे आणि मध्ये पाणी. भात, डाळ व भाजी एकाच वाफेवर शिजत. हा कुकर मराठी घरांतही पोचला. एकटे राहणारे नोकरदार व विद्यार्थी सकाळी त्यात निखारे घालून बाहेर पडत आणि परत आल्यावर ऊन जेवत. पुढे १९८० नंतरच्या वर्षांत अनेक गच्च्यांवर सूर्यचुली दिसू लागल्या. काळ्या रंगाचे डबे, वर दुहेरी काच आणि झाकणाला आरसा. सकाळी ठेवलेले वरण-भात दुपारी तयार. अडचण एकच, की जेवणाची वेळ सूर्याने ठरवायची.

आजचा विजेचा मंद कुकर अमेरिकेतून आला, पण त्याचे मूळ पूर्व युरोपातील ज्यू घरांत आहे. शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, त्या घरांत विस्तव पेटवीत नसत. कोकणातील आपले मराठी बोलणारे बेने इस्रायल शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्याच नियमाचे हे दुसरे अंग होय. मग शनिवारी ऊन जेवण कसे मिळायचे? शुक्रवारी संध्याकाळी कडधान्य, जव आणि मांस भरलेली हंडी गावातील भटारखान्यात नेऊन ठेवीत. विझत जाणाऱ्या भट्टीच्या धगीवर ती रात्रभर शिजे. त्या पदार्थाचे नाव चोलंट. लिथुआनियातील विल्नाकडच्या आपल्या आईकडून ही हकीकत ऐकलेले शिकागोचे अर्व्हिंग नॅक्सन यांनी, हंडीभोवती विजेची तार गुंडाळून तशीच सौम्य धग देणारे भांडे तयार केले व १९४० साली त्याचे एकस्व मिळविले. कित्येक वर्षे ते घेवडे शिजविण्याचे भांडे म्हणूनच विकले जाई. १९७० साली कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने नॅक्सन यांचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ साली तेच भांडे ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणले. अमेरिकेतील बायका त्या काळात मोठ्या संख्येने नोकरीसाठी बाहेर पडत होत्या, आणि घेवड्याचे भांडे हा हा म्हणता घरोघरी गेले.

यंत्र करते काय?

यंत्रात फारसे यंत्र नाहीच. बाहेर पत्र्याचा डबा, त्याच्या आतल्या बाजूला मंद तापणारी तार, मध्ये जाड चिनी मातीचे भांडे आणि वर काचेचे झाकण. प्रेशर कुकरच्या आत दाबामुळे तापमान १२० अंश सेल्सिअसच्या जवळ जाते; हा कुकर उकळीच्याही किंचित खाली राहतो. त्याला बहुधा दोन कळा असतात, ‘लो’ आणि ‘हाय’. पुष्कळांची समजूत अशी, की एका कळेवर अन्न कमी तापते आणि दुसरीवर जास्त. बहुतेक यंत्रांत तसे नसते. दोन्ही कळांवर पदार्थ शेवटी उकळीच्या आसपासच पोचतो. फरक तेथवर जाण्यास लागणाऱ्या वेळाचा. ‘हाय’वर जे तीन-चार तासांत होते, त्यासाठी ‘लो’वर सात-आठ तास लागतात.

इतक्या वेळात अन्नात काय घडते, हेही जाणून घेण्यासारखे आहे. मांसातील चिवट पेशीजालाचे हळूहळू मऊ, लुसलुशीत द्रवात रूपांतर होते. त्याला आचेपेक्षा वेळ अधिक लागतो. म्हणून पाये, खुब्याचे मांस असे चिवट तुकडेच यात उत्तम होतात, आणि कोवळे व महाग मांस फुकट जाते. भाज्यांचे मात्र उलट आहे. बटाटा, गाजर, सुरण यांना धरून ठेवणारा घटक बऱ्याच वरच्या तापमानाला सुटतो. त्यामुळे या कुकरात मटण शिजते आणि बटाटा कच्चा राहतो, असा विपरीत अनुभव येतो. उपाय सोपा: कंदमुळे लहान चिरून तळाशी व कडेला लावावीत, मांस वर ठेवावे.

दुसरी गोष्ट पाण्याची. झाकणावर जमलेली वाफ थेंबाथेंबाने पुन्हा आत पडते, पाणी आटत नाही. म्हणून नेहमीच्या कृतीतील पाणी एक-तृतीयांशाने कमी करावे. याच कारणाने बासुंदी किंवा बेळगावचा कुंदा यात होणार नाही. त्यांचा जीव आटण्यात आहे, आणि हे भांडे आटू देत नाही. तळण, भाजणी, कुरकुरीत काप, मोकळा भात हेही याच्या आवाक्याबाहेरचे. आसट भात, पेज, मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, कढण, उसळी, अळूची पातळभाजी, गव्हाची खीर व मांसाचे रस्से हे मात्र त्याचे खरे क्षेत्र आहे.

तिसरी गोष्ट आंबटाची. चिंच, आमसूल, टोमॅटो आधी घातले तर डाळ आणि कडधान्य शिजता शिजत नाही. हे आजीला ठाऊक होते. मंद कुकरात त्याचे प्रत्यंतर दुपटीने येते. आंबट नेहमी शेवटी घालावे. दूध, दही, नारळाचे दूध शेवटच्या अर्ध्या तासात, नाहीतर फाटते. क्षारयुक्त कूपनलिकेच्या पाण्यातही कडधान्य दगडासारखे राहते. अशा वेळी भिजविण्यासाठी आणि शिजविण्यासाठी गाळलेले गोडे पाणी वापरावे.

खर्चाचाही हिशेब मांडू. साधारण कुटुंबाला पुरेसा कुकर २०० वॅटच्या आसपास असतो. आठ तास अखंड चालला तरी १.६ युनिट वीज लागते. रोजच्या साध्या वरणासाठी हा खर्च प्रेशर कुकरच्या वीस मिनिटांच्या गॅसपेक्षा कमी पडणार नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. ज्याला दोन-तीन तास गॅस जाळावा लागतो, त्या पदार्थापुरतीच काटकसर. हे भांडे पैसा वाचविण्यासाठी घेऊ नये. वाचवायचा असतो तो घरातील माणूस.

फोडणीचे काय?

मराठी स्वयंपाक फोडणीने सुरू होतो, आणि मोहरी तडतडण्याइतकी आच मंद कुकर कधीच देऊ शकत नाही. त्यात तेल घालून मोहरीची वाट पाहणाऱ्याची निराशा ठरलेलीच. म्हणून फोडणीचे काम निराळे करावे. एक रीत अशी, की कढईत फोडणी करून त्यात कांदा-खोबऱ्याचे वाटण परतावे, तेल सुटले की सर्व कुकरच्या भांड्यात ओतावे. दुसरी रीत वरणाची: सर्व शिजल्यावर कढल्यात तूप, जिरे, हिंग, कढीलिंबाची फोडणी करून वरून घालावी. उसळी आणि रश्श्यांना पहिली रीत, तर वरण, आमटी, खिचडीला दुसरी मानवते.

मसाल्याचाही विचार हवा. लवंग, दालचिनी, तमालपत्र असे अख्खे मसाले आठ तासांत फार उतरतात; नेहमीच्या निम्मे घालावेत. उलट गोडा मसाला, गरम मसाला यांचा वास तोवर उडून जातो. ते शेवटच्या वीस मिनिटांत घालावेत. कोथिंबीर आणि ओले खोबरे वाढण्यापूर्वी. झाकण वारंवार उघडून पाहण्याची सवय मात्र सोडावी लागेल. प्रत्येक वेळी आतील वाफ जाते आणि ती पुन्हा जमण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. ज्यांना पळी ढवळल्यावाचून चैन पडत नाही, त्यांची ही खरी परीक्षा आहे.

जेथे सावध राहिलेच पाहिजे

येथवर चवीच्या गोष्टी झाल्या. पुढील गोष्टी प्रकृतीच्या आहेत आणि त्यांत तडजोड नको.

पहिली राजम्याची. उत्तरेकडील शहरांत वाढलेल्या आपल्या मुलांना राजमा आमटीइतकाच प्रिय झाला आहे. या लाल घेवड्यात एक नैसर्गिक विष असते. अर्धेकच्चे चार-पाच दाणेही तीव्र उलट्या व जुलाब होण्यास पुरे होतात. खळखळत्या उकळीने ते नष्ट होते. पण मंद कुकरात, विशेषतः घट्ट पदार्थाच्या मध्यभागी, तापमान पुष्कळदा ८० अंशांपलीकडे जात नाही, आणि अशा अर्धवट तापाने विष नाहीसे होण्याऐवजी अधिकच बाधक ठरू शकते. म्हणून राजमा किमान पाच तास, शक्यतो रात्रभर भिजवावा, ते पाणी फेकून द्यावे, नव्या पाण्यात गॅसवर निदान दहा मिनिटे, आणि खात्रीसाठी अर्धा तास, खळखळून उकळावा. त्यानंतरच तो मंद कुकरात जावा. दाणा मऊ लागला म्हणजे विष गेले, असे समजू नये. इतर कडधान्यांनाही दहा मिनिटांची उकळी आधी दिली, तर हानी काहीच नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. सुमारे ५ ते ६० अंशांच्या दरम्यान अन्नातील रोगजंतू झपाट्याने वाढतात, आणि मंद कुकर या टप्प्यातून सावकाश जातो. म्हणून बर्फासारखे गोठलेले मांस थेट आत घालू नये. ते फ्रिजमध्येच पूर्ण सुटू द्यावे. भांड्यात पाणी किंवा रस्सा गरमच ओतावा. मात्र तापलेल्या चिनी मातीच्या भांड्यात थंड पाणी कधीही ओतू नये, ते तडकते. भांडे निम्म्याहून कमी आणि पाऊण भागाहून अधिक भरू नये. शिळे अन्न यात गरम करू नये. ते गॅसवर उकळून घ्यावे. उरलेले अन्न दोन तासांच्या आत पसरट भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावे.

तिसरी गोष्ट आपल्या देशाची खास: वीज जाणे. अन्न अर्धवट शिजले असता वीज गेली आणि आपण घरी असलो, तर लगेच भांडे रिकामे करून गॅसवर शिजवून पूर्ण करावे. अन्न आधीच पूर्ण शिजले असेल, तर वीज गेल्यावर दोन तासांपर्यंत ते खाण्यास योग्य राहते. पण घरी कोणी नव्हते, आणि वीज किती वेळ गेली होती हे कळण्यास मार्ग नाही, तर अन्न कितीही चांगले दिसो, ते टाकून द्यावे. अन्न टाकणे आपल्या संस्कारांना जड जाते. आजारपण त्याहून जड जाईल.

शेवटची सूचना परदेशातून आणलेल्या भेटीविषयी. अमेरिकेतील उपकरणे १२० व्होल्टवर चालतात, आपली वीज २३० व्होल्टची. तेथील कुकर केवळ खुंटी बदलून येथे लावला, तर तो साडेतीन पटींहून अधिक शक्ती ओढतो आणि जळतो. आग लागण्याचेही भय असते. प्रेमाने आणलेली वस्तू असली, तरी योग्य ट्रान्सफॉर्मरवाचून ती लावू नये. येथे मिळणारा २३० व्होल्टचा कुकर घेणे हाच सरळ मार्ग.

तीन पदार्थ

पुढील मापे पाच-सहा माणसांच्या कुटुंबासाठी, साडेतीन ते चार लिटरच्या भांड्याची आहेत.

गव्हाची हुग्गी. बेळगावकडे सणासुदीला होणारी ही खपली गव्हाची खीर मंद कुकरासाठीच जन्मली असावी. सडलेले खपली गहू दोन वाट्या घेऊन धुवावेत व आठ तास भिजवावेत. पाणी काढून, दहा वाट्या नव्या पाण्यात गॅसवर एक सणसणीत उकळी आणावी आणि सर्व कुकरात ओतून ‘लो’वर रात्रभर, सात-आठ तास ठेवावे. सकाळी गहू फुलून मऊ झालेले असतील. रवीने किंवा डावाने थोडे घोटावेत. मग गॅसवर जाड बुडाच्या पातेल्यात काढून दोन ते अडीच वाट्या चिरलेला गूळ, अर्धी वाटी ओले खोबरे, भाजून वाटलेली खसखस, वेलची व जायफळ घालून दहा मिनिटे उकळावे. गूळ आधी घालू नये. गहू पुन्हा ताठरतात. ऊन दूध व तूप ज्याने त्याने आपल्या वाटीत घ्यावे, म्हणजे दूध फाटण्याची भीती नाही.

खतखते. गोव्याच्या या पदार्थाला फोडणीच नाही, म्हणून तो येथे सर्वांत सोपा. अर्धी वाटी तूरडाळ तासभर भिजवावी. सुरण, रताळे, मुळा, कच्चे केळे, दुधी भोपळा, शेवग्याच्या शेंगा व कणसाचे तुकडे मिळून सहा-सात वाट्या घ्याव्यात. सुरण व रताळे लहान चिरून तळाशी, त्यावर डाळ, मग इतर भाज्या लावाव्यात. दीड वाटी ओले खोबरे, पाच-सहा सुक्या मिरच्या आणि पाव चमचा हळद बारीक वाटून तीन वाट्या गरम पाण्यात कालवून ओतावे. ‘हाय’वर चार तास किंवा ‘लो’वर सात तास. डाळ मऊ झाली, की किंचित ठेचलेली आठ-दहा तिरफळे, पाच-सहा आमसुले, सुपारीएवढा गूळ आणि मीठ घालून आणखी अर्धा तास ठेवावे. वाढताना एक चमचा खोबरेल.

मटणाचा रस्सा. एक किलो हाडासकट मटणाला आले-लसूण, हळद व मीठ लावावे. कढईत तेलाची फोडणी करून दोन कांदे तांबूस परतावेत, त्यात भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचे वाटण व लाल तिखट घालून तेल सुटेपर्यंत परतावे, मग मटण पाच मिनिटे परतून घ्यावे. कुकरच्या तळाशी बटाट्याच्या फोडी, वर हे सर्व आणि दोनच वाट्या कढत पाणी. ‘लो’वर सात-आठ तासांत मांस हाडापासून सुटते. शेवटी गरम मसाला व कोथिंबीर. रस्सा पातळ वाटला, तर एक बटाटा त्यातच कुस्करावा.

चुलीपाशी कोण?

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. आपल्या घरांत पंगत बसते तेव्हा एक पान रिकामे असते, आणि ते कोणाचे हे सांगण्याची आवश्यकता नाही. गरम पोळी तव्यावरून पानात पडावी हा घरचा आग्रह; ती टाकणारी मात्र सर्वांमागून, निवलेले अन्न जेवते. नोकरी करणाऱ्या सुनेला तर दिवसातून दोनदा हे करावे लागते. मुले दूरदेशी असलेल्या वृद्ध दांपत्यांची गोष्ट निराळी: दोघांपुरता स्वयंपाक करण्याचा कंटाळा येतो, गुडघे उभे राहू देत नाहीत, आणि चहा-बिस्किटांवर दिवस निघतात. या दोन्ही घरांत कमतरता असते ती आचेपाशी उभे राहणाऱ्या माणसाची, अन्नाची नव्हे.

मंद कुकर येथे उपयोगी पडतो. आठ तास अन्न आपले आपण शिजत असताना त्याच्यापाशी कोणी उभे नसते, आणि जेवणाच्या वेळी ते ऊनच असते. पोळ्या आधी करून डब्यात ठेवल्या, तर सर्वजण एकाच वेळी पानावर बसू शकतात. मात्र एक धोका आम्हाला दिसतो. निवडणे, चिरणे, वाटणे, परतणे ही कामे कुकर करीत नाही. ती पहाटे पाचला उठून पुन्हा त्याच बाईने करायची असतील, तर एक काम गेले आणि झोप गेली, एवढाच हिशेब उरेल. म्हणून हे यंत्र घरात आणताना कामाची वाटणी आधी ठरवावी. भाजी रात्री चिरून ठेवणे, कडधान्य भिजविणे व सकाळी उकळून कुकरात ओतणे, कळ फिरविणे, रात्री भांडे घासणे यांपैकी एकही काम असे नाही की जे घरातील पुरुषाला किंवा पंधरा वर्षांच्या मुलाला जमणार नाही.

‘हाताच्या अंदाजाने’ होणारा स्वयंपाक दुसऱ्याला देता येत नाही, अशी तक्रार असते. ती काही अंशी खरी आहे. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी-चमच्यांची नेमकी मापे देऊन कितीतरी नवशिक्यांना धीर दिला. आचेचा अंदाज मात्र कागदावर उतरविणे तेव्हाही कठीणच होते. मंद कुकरात आच ठरलेली असते. उरतात ती माप आणि वेळ, आणि ही दोन्ही लिहून ठेवता येतात. आपल्या घरच्या उसळीचे, आमटीचे माप एकदा वहीत उतरवावे आणि तो कागद फडताळाच्या दाराला आतून चिकटवावा. परप्रांतात राहून आपली चव टिकविणाऱ्या घरांना याचा आणखी एक लाभ आहे: घरची सुगरण थकली, तरी तिचे माप घरात राहील, आणि ते पाहून तिच्यासाठी कोणीतरी रांधू शकेल.

कुकर घ्यावाच असा आमचा आग्रह नाही. ज्या घरी दोन-तीनच माणसे आहेत, ताजे झटपट जेवण आवडते आणि गॅसपाशी उभे राहणे कोणाला जड जात नाही, तेथे ते भांडे फळीवर धूळ खात पडेल. घ्यायचाच झाल्यास पहिला प्रयोग सुटीच्या दिवशी, सर्वजण घरी असताना करावा. प्रत्येक यंत्राची धग थोडी निराळी असते, ती एकदा पाहून घ्यावी. पहिल्या वेळी मटकी किंवा चवळीची साधी उसळ करावी, आणि त्या दिवशी वाढण्याचे काम नेहमीच्या हातांकडे देऊ नये.

आमच्या वाचकभगिनींनी, आणि बंधूंनीही, मंद आचेवरच्या आपल्या घरच्या पदार्थांची मापे व वेळ यांची टिपणे आम्हाकडे अवश्य पाठवावीत. इंदूरच्या बाफल्याबरोबरची डाळ, ग्वाल्हेरचे थंडीतले कढण, हैदराबादी मराठी घरांतला रस्सा, यांतील जे जे पडताळून पाहता येईल, ते पुढील अंकांतून देण्याचा आमचा विचार आहे.